पासंग

लातूरच्या आडत बाजारात मन्मथअप्पा मापाडी
अठ्ठेचाळीस वर्षं काट्याशेजारी उकिडवे बसले.
मोजताना कधी 'एक' म्हणाले नाहीत.
लाभ. दोन. तीन.
घरात भाकरी मोजल्या तरी पहिली भाकरी लाभ.

मी उदगीरला इतिहास शिकवते.
दिवाळीच्या सुट्टीत मिसरच्या देवांचं जाड पुस्तक
अप्पांच्या मांडीवर उघडून ठेवलं.
पान उलटायला त्यांनी बोट जिभेला लावलं,
मग धोतराला पुसलं.
देव आहेत म्हटल्यावर.

त्यांना आधी काटाच दिसला.
एका पारड्यात मेलेल्याचं काळीज, दुसऱ्यात पीस,
आणि दांडीखाली गुडघा टेकून
कोल्ह्याच्या तोंडाचा कुणी, हात ओळंब्यावर.
"ह्यो आमचा मानूस. पारड्याकडं बघंना बघ,
ओळंब्याकडं बघायलाय. शिकलेला दिसतोय."

मी सांगत गेले.
ते पीस म्हणजे खरेपणा, देवीच्या केसांत खोचलेला.
ती फाशाची खूण म्हणजे जीव;
देव ती राजाच्या नाकाशी धरतात, श्वास द्यावा तशी.
"पोत्याचं तोंड बांधल्यावानी हाय.
वर फासा ठिवला की उचलाय बरं."
तो आडव्या पट्ट्यांचा खांब म्हणजे एका देवाचा मणका.
यावर अप्पा काही बोलले नाहीत.
हमालांच्यात आयुष्य गेलं होतं त्यांचं.

डोळ्यापाशी मात्र संध्याकाळ झाली.
भांडणात फुटलेला, पुन्हा सांधलेला देवाचा डोळा.
म्हणून तो प्रेताच्या अंगावर, होडीच्या नाळेवर,
जित्या माणसाच्या गळ्यातसुद्धा.
जुने पंडित म्हणायचे, त्याच्या तुकड्यांनी तिकडं धान्य मापत:
बुबुळ पाव, भुवई अदपाव, पुढं छटाक,
असं निम्म्यानं उतरत अश्रूपर्यंत.
नवे पंडित हे मानत नाहीत, तेही सांगितलं.
अप्पांनी पेरांवर बेरीज केली.
"चौसष्टात एक कमी भरतंय."
"ते देवानं भरून दिलं म्हणे."
"देवानं कशाला? कडता आसंल."

मग शेणकिडा.
गोळा लोटतो तसा पहाटेचा सूर्य लोटणारा.
हिरव्या दगडात घडवून तो मेलेल्याच्या छातीवर ठेवत,
पोटाशी अक्षरं कोरून,
की काट्यापुढं काळजानं धन्याविरुद्ध बोलू नये.
अप्पा खोकला लागेपर्यंत हसले.
"म्हंजे साक्षीदार फोडायचा!"
हसता हसता हात छातीवर गेला,
इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर.
"हे त्याच्यासाठी न्हाई," म्हणाले.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर आपणच बोलले.
"भूकंपाच्या साली शेठच्या वखारीतून
किल्लारीकडं ज्वारी जायची. इकतच, फुकट न्हाई.
आपला काटा जुना. पासंग लावल्याबिगर बरुबर याचा न्हाई.
आठ दिस मी पासंग काढून खिशात ठिवला.
दर धारनीला जास्तीची मूठ त्यांच्याकडं.
शेठ चांगला मानूस. त्याचं मीठ खाल्लेलं.
आता तू सांग, पीस कुनीकडं कलंल?"

मी पान उलटलं.
मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या आयाळीची ती
काट्यामागं वाट बघत बसली होती.
पुस्तकात दोनच तऱ्हेची माणसं होती,
तरलेली आणि गिळलेली.

पौषात अप्पा गेले.
विभूती लावून, मांडी घालून, खड्ड्यात बसवले;
डाव्या तळहातावर इष्टलिंग, वर बेलाची पानं.
सदऱ्याच्या खिशातल्या चंचीत
सुपारीएवढा दगड निघाला होता, सुतळी गुंडाळलेला.
"हे काय?" जंगमस्वामींनी विचारलं.
पासंग, म्हणाले.
"आत ठेवायचा का?"

मिठाच्या पाट्या घेऊन पोरं थांबली.
तिकडंही मीठच वापरत, हे मला नको तेव्हा आठवलं.
तो दगड काळजाच्या बाजूनं बोलेल
की शेठच्या, कळेना.
स्वामींनी हात वर केला, पोरांनी पाटी ओतली.
माझ्या तोंडून आलं, लाभ.
दगड मुठीतच होता.
दोन.