पुलाच्या चढावर तीन गाड्या

बाबा एकेचाळीस वर्षं पत्रा दाबायच्या यंत्रासमोर उभे होते,
कान तिथंच ठेवून आले.
म्हणून इंजिन ते ऐकत नाहीत.
उजवा तळहात डॅशबोर्डवर टेकवतात,
नाडी बघावी तसा,
आणि तोंड किंचित उघडं ठेवून थांबतात.

फेब्रुवारी. टोलेडोच्या रस्त्यांवर मिठाची पांढरी साय.
जुनी ब्यूक नाताळानंतर गेली,
खालून इतकी गंजली होती की पायाशी रस्ता दिसायचा,
आणि आईला आठवड्यातून तीनदा
डायलिसिसला न्यावं लागतं, नदीपलीकडं.

डॅरेलनं तीन काढून ठेवल्या होत्या. तिन्ही वापरलेल्या,
तिन्ही चार दारांच्या, तिन्ही राखाडी,
लांबून बघाल तर एका आईची लेकरं.
बाबांनी खिशातली वही काढली.
"कसोटी एकच. दोनशेऐंशीचा पूल.
चढ, वारा, आणि मागे ट्रक."

पहिली अकॉर्ड. दीड लिटर, चार सिलिंडर, टर्बो.
रॅम्पवर पाय दाबला तर क्षणभर नुसतंच "हं?",
झोपेतून उठवलेल्या पोरासारखं,
मग एकदम वारं प्यायल्यागत सुटली.
गिअर कुठं बदलला कळलंच नाही,
आवाज तेवढा ताणत गेला, ताणत गेला.
बाबांनी लिहिलं: ताकद आहे. आधी विचारते, मग देते.

दुसरी कॅमरी, व्ही सिक्स.
पूल उतरल्यावर आठवलं की मघाशी चढ होता.
पासष्ट, पंचाहत्तर. मी म्हटलं, बाबा, पोलीस.
त्यांना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.
तळहात तसाच, आणि चेहऱ्यावर
मी जन्मायच्या आधीचं कुठलंतरी साल.
वहीत काहीच लिहिलं नाही.

तिसरी सोनाटा, हायब्रिड.
बटण दाबलं. हात टेकवला.
"बंद आहे ही."
"चालू आहे," मी ओठ दिसतील असं म्हटलं.
"नाडी लागत नाही."
गाडी निघाली तरी विश्वास बसेना,
अर्ध्या चढावर इंजिन जागं झालं, धुसफुसलं,
माथ्यावर पुन्हा निजलं.
कागदावर हिचे घोडे एकशे ब्याण्णव,
अकॉर्डचेही नेमके तितकेच,
पण घोडे मोजून काय होतं?
कुठल्या वेळी जुंपले ते बघावं लागतं.
त्यांनी लिहिलं: लबाड. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

आई एवढा वेळ ऑफिसात बसली होती
डॅरेलची कॉफी दोन्ही हातांत धरून.
प्यायची तिला मोजूनमापून परवानगी आहे,
ऊब घ्यायला कुणाची मनाई नाही.
कप ठेवून ती बाहेर आली.
अकॉर्डमध्ये बसली, उतरली.
कॅमरीत बसली; उतरताना दाराची चौकट धरली,
फिस्टुलाचा हात चुकून वर गेला, ओठ मिटले.
सोनाटात बसली, उतरली,
पुन्हा बसली, आणि बसूनच राहिली.

बाबा वही उघडून समजावू लागले,
टॉर्क म्हणजे काय, चढावर काय होतं,
सहा सिलिंडर म्हणजे कसं
सहा माणसांनी मिळून खाट उचलावी तसं.
आई त्यांच्याकडे बघत होती
बावन्न वर्षं बघत आली तशी.
"एल्मर," ती मोठ्यानं म्हणाली, डॅरेलही वळला,
"चढायचं गाडीला आहे.
उतरायचं मला आहे."

काल मी मागच्या सीटवर होते.
कॉन्सॉल स्ट्रीटचा लाल दिवा.
इंजिन विझलं. बाबांचा हात डॅशबोर्डवर गेला,
शेजारी आई डोळे मिटून,
सकाळच्या चार तासांनी पिळून निघालेली.
बाबा एकदा डॅशबोर्डकडे बघत होते, एकदा तिच्याकडे.
दिवा हिरवा झाला. मागून कुणीतरी हॉर्न दिला,
तो त्यांना ऐकू येणार नव्हताच.
ते थांबले होते
तळहाताखाली काहीतरी हलेपर्यंत.

"निघा," आई डोळे न उघडता म्हणाली.