शाई संपलेली नाही

बुधवार. डिचोलीचा बाजार.
मामलेदार कचेरीसमोरच्या माझ्या दुकानात
सात माणसं, एक पंखा,
आणि प्रिंटर म्हणतो, शाई संपली.

मी डबी काढते, कानाशी धरून हलवते
बाजारात नारळ हलवून बघावा तशी.
आत वाजतं.
संपली नाही रे बाबा, मी त्याला सांगते.
तो लाल दिवा लावून बसतो.
त्याच्या मते ही डबी परकी आहे,
म्हापशाहून भरून आणलेली,
आणि परक्याशी तो बोलत नाही.

रांगेला मत असतं.
गुणाजी माजिक म्हणतात, स्वस्तात आलेलं यंत्र
मागाहून जेवायला बसतं.
एक-चौदाच्या उताऱ्याने वारा घेत कुणी म्हणतो, कंपनी बदला.
त्याच्या मागची म्हणते, बदलून कुठे जाणार,
सगळ्यांच्याच डब्यांत चिप.
कायतान, ज्याला पोर्तुगालच्या कागदांसाठी
फक्त फोटो हवेत, तो म्हणतो,
तिकडे असलं काही चालत नाही.
तो अजून तिकडे गेलेला नाही.

मागच्या महिन्यात पणजीहून टाय लावलेला मुलगा आला होता.
मॅडम, शाई विकतच घेऊ नका,
महिन्याला ठरावीक भरा, पानं आम्ही मोजू.
आणि एखादा महिना चुकला तर?
तो हसला. दात सरळ होते.
तर प्रिंटर विश्रांती घेईल.

विश्रांती.
खाण बंद झाली तेव्हा नवऱ्याच्या पत्रात
हाच शब्द होता.
टिपर अजून आंब्याखाली विश्रांती घेतोय,
मागच्या हौद्यात रोपं उगवलीत.

तशी मी काही देवळातली समई नाही.
काळ्यात भागणार असतं तिथे
"रंगीत उठून दिसेल हं" म्हणते.
नको त्याचंही लॅमिनेशन करून देते, गरम गरम.
अर्जावर लिहिलेलं असतं, शुल्क नाही,
तो भरायचे पन्नास घेते.
चिप माझ्याकडेही आहे. जिभेखाली.

शेवटी आयटीआयचा साहिश रांग मोडून पुढे आला,
नखाएवढा सेलोटेप कापला,
चिपच्या डोळ्यावर चिकटवला.
प्रिंटर शिंकला, दोनदा मान हलवली,
आणि पडद्यावर अक्षरं आली,
अस्सल शाई निवडल्याबद्दल आभारी आहोत.
इतकं हसलो सगळे
की समोरची मिरच्यावाली उठून बघायला आली.

पिएदाद बाय तेवढी हसली नाही.
तिला आवाज दिल्यावर ती पुढे आली,
प्लास्टिकच्या पिशवीतून फ्रिजचं बिल काढलं.
हमी पाच वर्षांची.
अक्षरं दीड वर्षात उडालेली.
पांढरा, गुळगुळीत, मोठ्या दुकानाचा कागद.

ह्याची झेरॉक्स काढ.
बाय, ह्याच्यावर काहीच नाही गं.
होतं, ती म्हणाली.

मी झाकण लावलं.
पहिली प्रत कोरी आली.
काळेपणा वाढवला. दुसरीत फक्त
तिच्या अंगठ्याचा डाग, मासळीच्या तेलाचा असावा.
मग काटा शेवटपर्यंत नेला.
तिसरी राखेसारखी निघाली,
आणि राखेत दुकानाचं अर्धं नाव,
तारखेतला महिना, वर्ष नाही,
खाली मात्र एक ओळ अगदी स्वच्छ:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

तिने ती घडी न घालता पिशवीत ठेवली.
तीन प्रतींचे सहा रुपये झाले. नाणी मोजून दिली तिने,
मी घेतले.
चार परत द्यायला हवे होते हे
ती पुलापर्यंत पोचली तेव्हा सुचलं.
तोवर पुढच्याने कागद पुढे केला होता.
रंगीत की काळं, मी विचारलं.