ओहोटी लांबलेली

जानेवारीत लष्करातलं धुकं
गच्चीवर वाळत घातलेल्या रजयांतही शिरतं.
शेजारच्या भदौरियांची म्हैस नुसती ऐकू येते.
अशाच एका सकाळी आमचे सासरे, रघुवीर आडिवरेकर,
वय ब्याऐंशी, दीपगृहावरची नोकरी एकतीस वर्षं,
कानटोपी चढवून म्हणाले,
"चल सुनबाई, टोकावर जाऊन येऊ."

टोक म्हणजे किल्ला.
ग्वाल्हेरला आले त्याच आठवड्यात
उरवाईच्या चढणीवर मान वर करून त्यांनी ठरवून टाकलं :
असा सरळ तुटलेला कडा, पुढे नुसतं मोकळं,
हे समुद्रात घुसलेलं नाकच.
मी म्हटलं, बाबा, समुद्र हजार किलोमीटर लांब आहे.
"ओहोटी लांबली आहे, इतकंच."

मी इथली, फालका बाजारातली.
समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर,
भर दुपारी, पातळ वरणासारखा पिवळट.
माझ्या मराठीला ते गोड्या पाण्याचं म्हणतात.
त्यात "ळ" बुडतो म्हणे.

चढताना कड्यात कोरलेले तीर्थंकर लागले,
कुणी गुडघ्यापर्यंत धुक्यात, कुणी छातीपर्यंत,
पाणी चढलं तरी पापणी न हलवणारे.
बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
एका वळणावर ते थांबले. मला वाटलं, गुडघा.
पण ते दगडाला हात लावून उभे होते.
दगडाला वळ्या होत्या,
बारीक, एकीला लागून एक,
ओल्या वाळूवर पाणी मागे हटताना ठेवून जातं तशा.
माझा हात धरून त्यांनी वळ्यांवर टेकवला.
गार होतं.
मी परत किलोमीटर काढले नाहीत.

वर पोचलो तर खाली शहरच नव्हतं.
बाडा नाही, घड्याळ नाही, गजकवाल्यांची रांग नाही,
पांढरं, सपाट, काठोकाठ.
स्टेशनाकडे खोळंबलेल्या कुठल्याशा गाडीनं
लांबलचक भोंगा दिला,
तसे ते गर्रकन वळले
आणि ओठांतल्या ओठांत सेकंद मोजू लागले.

मी विचारलं, तुमची बत्ती बघून बोटी यायच्या ना?
"यायच्या कशाला?
बत्ती कुणाला बोलवत नाही, पोरी.
ती म्हणते, मी इथे आहे, म्हणजे खडक इथे आहे.
लांबून जा.
एकतीस वर्षं रात्रभर मी हेच सांगत होतो."
मग कड्याखाली बघत,
"सुट्टीत घरी गेलो तरी तोंडातून तेच निघायचं.
विचार तुझ्या नवऱ्याला."

नवऱ्याला मी विचारलं नाही.
तो मालनपूरच्या कारखान्यातून मोटरसायकलवर यायचा होता,
आणि संध्याकाळी धुकं पुन्हा दाटलं, दिव्यांच्या खांबांना गिळून.
सहाला फोन लागेना. साडेसहाला लागेना.
भाकरी टाकता टाकता मला वरून चपलांचा आवाज आला.
जिन्यातून डोकावले :
बाबा कठड्याशी, हातात मोठी बॅटरी,
दोनदा उघड, एकदा झाक,
मग थांबणं, मोजून,
मग पुन्हा दोनदा.
शाल खाली पडली होती. मी उचलली नाही,
मोजणी चुकली असती.

सात वाजून गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी
मोटरसायकल खोकली
आणि एक वैतागलेला आवाज,
"अरे, गच्चीवरून डोळ्यांत उजेड कोण मारतंय?"

बाबांनी बॅटरी विझवली.
खाली येऊन कुणाशी न बोलता
दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत,
उलट्या बाजूनं, त्यांनी लिहिलं :

वारा नाही. दृश्यता दोन छपरं.
बत्ती ५.४० ते ७.१२.
एक मोटरसायकल.

थोडं थांबून, "सुखरूप" असं लिहिलं,
आणि त्याखाली रेघ मारण्याआधी
मला विचारलं,
"दीपकनं लहानपणी कधी विचारलं होतं का,
बत्ती घराकडे का वळत नाही?"

मला कसं माहीत असणार?
मी पान वाढायला घेतलं.
बाहेर तो हेल्मेट काढत होता,
चष्मा पुसत होता,
आणि अजून वर, गच्चीकडे बघत होता.