ओढ

उलानबातर. रात्रपाळी. बाहेर उणे एकतीस.
सात नंबरच्या खाटेवर सेव्जिद, मेंढ्या राखणारी.
तंबूतली शेगडी कलंडली, तेव्हा
डावी मांडी गेली, गुडघ्यापासून जांघेपर्यंत.
उजव्या मांडीची पातळ साल काढून
जाळीसारखी ताणून अंथरलीय तिथे,
वर काळा स्पंज, त्यावर पारदर्शक पापुद्रा,
आणि एक नळी, आतली हवा ओढत राहणारी.
उणे एकशे पंचवीस.
"तुमच्याकडेही सगळं उण्यातच," ती म्हणाली.

पहाटे तीनला यंत्र ओरडलं.
गळती.
कडेकडेनं बोटांनी चाचपत गेले,
जांघेपाशी सुईएवढी फट सापडली, पट्टी डकवली.
स्पंज पुन्हा आक्रसला, मनुकेसारखा.

"रात्रभर काय गुणगुणतं हे?"
म्हटलं, समजूत काढतंय.
कातडी तुमचीच, पण जखम अजून ओळख देत नाही.

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा.
मग सांगत बसली:
मेंढीचं पिल्लू मेलं की त्याचं कातडं
पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं,
आणि मेंढीच्या कानाशी बसून म्हणत राहायचं
तॉइग, तॉइग...
ती हुंगते, लाथ झाडते, पुन्हा हुंगते.
"दोन रात्री लागतात. कधी तीन.
एखादी घेतच नाही जवळ."

पाचव्या दिवशी स्पंज भिजवून सोडवला, हळूहळू.
गुलाबी. घट्ट धरलेलं.
फक्त गुडघ्याजवळ अंगठ्याएवढा तुकडा
करडा, सैल, बोट लावलं तर सरकणारा.

ती बाकी काही बघेना.
त्या तुकड्याकडे वाकली,
ओठ हलले.