सदतीस अंशांवर अर्धा तास

पहिल्या वेळी शून्य आलं
तेव्हा मी नागपूरवर संशय घेतला.
मे महिना, सेहेचाळीस पॉइंट दोन,
गोंदियाहून आलेला थर्मास, त्यात बर्फाचं नुसतं पाणी,
आणि कुरिअरचा पोरगा सांगत होता,
"मॅडम, गाडी भंडाऱ्यात पंक्चर झालती."
रक्तातली पूरक प्रथिनं फार हळवी,
छप्पन्न अंशांवर अर्ध्या तासात संपतात.
उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती होतं
ते कोण मोजतं?

म्हणून मुलालाच बोलावलं.
नैतिक उईके, वय नऊ,
मेंदूज्वरातून तिसऱ्यांदा उठलेला.
"काहून बाई, परत रक्त?" आईने विचारलं.
मागचं उन्हानं खराब झालं, मी म्हटलं.
तसंच असावं, असं मनात होतं.

सेमिनरी हिल्सला जनावरांच्या कॉलेजात
एक्केचाळीस नंबरची मेंढी आहे.
तिच्या रक्तपेशींना सशाची प्रतिपिंडं चोपडायची,
म्हणजे शत्रू म्हणून त्या ओळखू येतात,
आणि त्यांच्यावर पोराचं सिरम सोडायचं.
फोडल्या त्याने, तर पाणी लाल.
अर्ध्या पेशी कुठवर फुटतात, तो आकडा.
धडधाकट असणं म्हणजे इथे
नासधूस करता येणं.

शेजारच्या रांगेत माझं सिरम लावलं,
त्याच बर्फातलं, त्याच घटकेचं.
वॉटर बाथ सदतीसवर.
खिडकीबाहेर मेडिकल चौक त्याहून तापलेला,
कूलरच्या वाळ्याला वास सुटलेला,
अर्धा तास.

माझ्या नळ्या जास्वंदी, डाळिंबी,
पाचवीत जेमतेम गुलाबी.
त्याच्या सहाही नळ्यांत
तळाशी लाल टिकली, वर निव्वळ पाणी.
मेंढीच्या एकाही पेशीला ओरखडा नाही.
मी उजेडाकडे धरून पाहिल्या.
मशीनही तेच म्हणालं.

आता उन्हावर ढकलता येईना.
शून्य. दुसऱ्यांदा. बर्फातून आणलेलं.
खाली सही, सु. लांजेवार.
डॉक्टरांना आता कळेल, कुठली लस,
गोळी किती वर्षं,
धाकटीचंही रक्त बघायचं का.
शून्यालाही काम असतं.

स्टँड घेऊन वळले तर आई दारात.
तिने दोन्ही रांगा नीट पाहिल्या.
"हे लाल कोनाचं, बाई?"
माझं, मी म्हटलं.
तिचा चेहरा एकदम मऊ झाला.
"सोताले जपा बाई," म्हणाली ती,
आणि पोराच्या डोक्यावर पदर धरून
उन्हात उतरली.
मी हाक मारली.