रकमांची नावं

हर्णैला लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही.
खिडकीचा गज, सायकलची चेन, दाराची कडी
हळूहळू तांबूस भुकटी होत जातात.
संस्थेच्या कॉम्प्युटरनं तरी किती तग धरावा?
बर्फ कारखान्याच्या ओल्या भिंतीला टेकून
सात वर्षं काढली त्यानं, तीच खूप.

शालन चोगले हार्डडिस्क घेऊन आली
सुक्या बोंबलाच्या पिशवीत, पदराखाली धरून.
उधारीची वही हिच्यात आहे, म्हणाली.
आणि कागदाची?
ती हिच्यात उतरवली म्हणून रद्दीत दिली.

कानाशी धरली.
टक्. टक्. थांबून टक्.
ओहोटीला खडकावर कालवं फोडतात तसं,
फक्त आतून काही निघत नाही.

हिरवी पाटी उलटी केली, खाऱ्या हवेनं
तिचे सोनेरी ठिपके काळे पडलेले.
पोरीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं
आणि घासत बसलो.
पुसण्यासाठी जन्मलेल्या वस्तूनं
आठवण परत आणावी, वगैरे
मला दुकानात सुचत नाही, रात्री सुचतं.
तेव्हा एवढंच कळलं: फिरली.

मरणाऱ्या डिस्कला एकच गोष्ट सारखी विचारायची नाही.
देते ते आधी घ्यायचं.
अडते तिथून पुढं सरकायचं.
मग शेवटाकडून उलटं यायचं
अडलेल्या जागेच्या पाठीमागून, चोरपावलांनी.
टेबलफॅन तिच्यावर रोखला.
लाइट जाणारच, म्हणून इन्व्हर्टर जोडला.
दोन रात्री, एक दिवस.

एवढ्यात दुकानात कधी नव्हे ती वर्दळ.
चांगू पावसे चहा घेऊन आला. काय, जगते का?
त्याच्या 'का'मध्ये थोडी आशा होती,
न जगण्याची.
जैतूनबीची ठेव आहे संस्थेत,
ती दारातूनच बघून गेली, ओठ हलवत.
हिराजी दोरकुळकरनं दोन पापलेटं ठेवली टेबलावर
आणि काहीच बोलला नाही.
ती मी घरून परत पाठवली.
(नंतर कळलं, बायकोनं एकच पाठवलं होतं.)

तिसऱ्या दिवशी पहाटे फाइल उघडली.
तारखा होत्या. रकमा होत्या.
डिझेल, जाळं, बर्फ, इंजिनाची रिंग, सगळं होतं.
नावांच्या रकान्यात
चौकोन, प्रश्नचिन्ह, चौकोन.
अख्खं बंदर देणं लागत होतं
आणि कोणीच लागत नव्हतं.

शालनला बोलावलं.
तिनं चष्मा पदराला पुसला
आणि पडद्याला बोट लावून वाचायला लागली,
नावं नव्हे, आकडे.
सत्तावीस हजार चारशे, हा हिराजी, पापलेटाची जाळी.
तीन हजार पन्नास, चांगू. वरचे पन्नास
मोडून आणतो म्हणून नेले ते आजतागायत.
अकरा हजार. डिझेल लिहिलंय,
पण ते सुनेचं बाळंतपण.
मी टाइप करत गेलो.
अडली तिथं ती थांबली नाही, पुढं गेली,
मग खालून वर आली.

चौदा हजार सहाशे.
इथं बोट राहिलं.
जून महिना. समोर इंजिनाची रिंग.
आमच्या होडीला इंजिन कधी नव्हतंच.
त्याच जूनमध्ये दापोलीला
हार्डवेअरच्या कोर्सची फी मी रोख भरली होती,
बाबांनी रुमालात बांधून दिलेली.
पावतीवरचा आकडा मला अजून पाठ आहे.

हा सेक्टर खराब असेल ना, शालन म्हणाली.
सेक्टर हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचललेला.

बाहेर लिलाव सुरू झाला होता,
कोणीतरी सुरमईचा भाव ओरडत चढवत होतं.
अख्ख्या फाइलीत
इतकी स्वच्छ ओळ दुसरी नव्हती.

मी बाबांचं नाव लिहिलं.

महादू, ती म्हणाली, दू दीर्घ काढ.
आणि बोट खालच्या रकमेवर नेलं.