डावं दार

दादर पारसी कॉलनीतल्या नवल घडियालींकडून घेतली
तेव्हाच ती अकरा वर्षांची होती.
“दीकरी, चोक सकाळी अर्धाच खेचायचा, पुरा नाय,”
एवढं बजावून ते आत गेले.
चावी देताना गाडीकडे बघितलं नाही.

फियाट. रंग दुधी म्हणत; मला तो
गार चहावरच्या सायीसारखा वाटे.
दुसरा गिअर पेडर रोडच्या चढावर हमखास रुसायचा.
मी शिव्या द्यायचे.
यदुनाथ खिडकीबाहेर बघायचे.
त्यांनी कधी चाक धरलं नाही, हिशेब मात्र लिहिला:
पेट्रोल, पंक्चर, माहीमच्या अन्वरचे बाराशे.

डावं दार बाहेरून उघडतच नसे.
रोज सहाला, बॅलार्ड पिअरला, ऑफिसच्या पायऱ्यांपाशी
मी बसल्या जागी आडवी होऊन आतून कडी ओढायची,
आणि ते पाहुण्यासारखे “थँक्यू हं” म्हणत बसायचे.
एकोणीस वर्षं.

कुर्ल्याला भंगारात दिली.
अन्वरने चोकची खुंटी काढून हातावर ठेवली.
आहे ती शिवणाच्या डब्यात, बटणांत.

आताची गाडी लेकीची. चारही दारं
एका बटणावर उघडतात, टुक्.
तरी फुटपाथवर कुणी पिशवी घेऊन थांबलेलं दिसलं
की माझा डावा हात सीटवरून पुढे जातो.
अर्धाच.